बटण कोणी दाबलं?

नेपल्सजवळच्या पोसिलिपोच्या टेकडीवर तुम्ही उभे आहात. साल १८८२. खाली समुद्र, वर लख्ख ऊन. पन्नाशी ओलांडलेला एक फ्रेंच गृहस्थ बंदूक खांद्याला लावून उडत्या पक्ष्यामागे नळी फिरवतो आहे. तो चाप ओढतो. बार उडत नाही, धूर निघत नाही, पक्षी आपल्या वाटेने निघून जातो. गृहस्थ मात्र समाधानाने बंदूक खाली करतो.

जवळ जाऊन बघा. नळीत भिंग बसवलेलं आहे, आणि जिथे काडतूस असायला हवं तिथे एका गोल डब्यात काचेची तबकडी आहे. चाप ओढला की ती टप्प्याटप्प्याने फिरते आणि सेकंदाला १२ चित्रं घेते, प्रत्येक चित्र सेकंदाच्या ७२०व्या भागात. एत्येन-ज्यूल मारे हा मुळात शरीरशास्त्रज्ञ. त्याला पक्षी सुंदर दिसायला नको आहे, पंख वर जाताना कुठे वाकतो ते हवं आहे. तबकडीवरचे पक्षी इवलेसे आहेत, नुसत्या काळ्या आकृत्या. घुबडाचं इथे विचारूच नका. या बंदुकीला भर ऊन लागतं, आणि घुबड घराबाहेर पडतं तेव्हा मारेची बंदूक आंधळी झालेली असते.

तेव्हा पुढे चला. अंगात स्वेटर घाला, कारण वेल्समध्ये मे महिन्यातही रात्री गारठा असतो.

साल १९३७. लंडनमध्ये सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची धामधूम आहे. तुम्ही त्यापासून दूर, डोल्डॉलोड नावाच्या वस्तीजवळच्या झाडीत आहात. तुमच्यापुढे चालणारा सत्तावीस वर्षांचा तरुण म्हणजे एरिक हॉस्किंग. लंडनचा, मोटारींच्या धंद्यातली नोकरी गेल्यावर पोटासाठी फोटो काढू लागलेला. लहान मुलांचे, कार्यक्रमांचे, जे मिळेल ते फोटो काढतो आणि वसंत आला की पक्ष्यांमागे पळतो. इथे त्याला टॉनी आऊल टिपायचं आहे. हे तपकिरी रंगाचं, गोल डोक्याचं, गच्च अंगाचं रानघुबड. महाराष्ट्रात ते नाही, पण मोठ्या झाडाच्या ढोलीत राहणं, पिल्लं असताना पिसाळल्यासारखं वागणं हे सगळं ओळखीचं वाटेल.

तुमचं काम सोपं आहे. हॉस्किंगबरोबर मचाणापर्यंत जायचं, तो लपणीत शिरला की एकट्यानेच परत यायचं, आणि जाताना जरा पाय वाजवायचे. पक्ष्याला माणसं येताना दिसतात, माणूस जाताना दिसतो. किती आली आणि किती गेली याचा हिशेब त्याला जमत नाही, असा या धंद्यातल्या लोकांचा अनुभव. लपणही एका दिवसात उभी राहत नाही. आज चार खांब, मग थोडं कापड, मग थोडी उंची. घुबडाला तो आकार झाडीचाच वाटू लागेपर्यंत आत कोणी शिरायचं नाही.

मचाणावर लाकडी कॅमेरा आहे. आत एका वेळी काचेची एक प्लेट. उजेड असतानाच ढोलीच्या तोंडावर फोकस करून ठेवलेला आहे, कारण नंतर काहीच दिसणार नाही. उजेडासाठी फ्लॅशचा बल्ब आहे. काचेच्या फुग्यात ॲल्युमिनियमचा बारीक वर्ख आणि ऑक्सिजन, वीज लागली की भपकन जळतो, आणि एकदा जळला की फेकून द्यायचा. त्याआधीच्या पिढीतले लोक मॅग्नेशियमची पूड पेटवत. त्यात धूर आणि फाटकन आवाज, पक्षी तर पक्षी, कधीकधी भुवयाही जायच्या. त्या मानाने बल्ब म्हणजे चैन.

तरी उडतं घुबड या बल्बला सापडत नाही, आणि का ते तुम्हाला कागदावर मांडता येईल. बल्बचा प्रकाश सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग टिकतो. घुबड सेकंदाला ५ मीटर येतंय असं समजा. तेवढ्या वेळात ते १० सेंटिमीटर पुढे सरकतं, आणि पंखांची टोकं त्याहून जास्त. प्लेटवर उमटतो तो पांढुरका फराटा. म्हणून या काळातली घुबडं बसलेली आहेत. ढोलीच्या काठावर, फांदीवर, तोंडात उंदीर, चेहऱ्यावर आश्चर्य. आश्चर्य आपल्याला वाटतं, त्याला बहुधा नुसताच त्रास होत असावा.

आता त्या रात्रीवर या. हॉस्किंग अंधारात पुन्हा मचाणाकडे निघाला आहे, वर राहिलेलं सामान आणायला. तुम्ही खाली. कान देऊन ऐका. ओढ्याचा आवाज येतो, त्याच्या बुटाखाली लाकूड करकरतं. याखेरीज काही नाही. मग वरून एक किंकाळी, आणि ती माणसाची.

घुबडाची नखी त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली आहे. त्यालाही काही ऐकू आलं नाही, तुम्हालाही नाही, आणि यात कोणाच्या कानाचा दोष नाही. घुबडाच्या सर्वांत बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, मागच्या कडेला विरविरीत झालर असते, वरच्या बाजूला मखमलीसारखी लव. हवा पंखावरून कापली जाताना जो फडफडाट व्हायचा तो या तिन्ही गोष्टी मिळून मोडून टाकतात. उंदराला ऐकू जाऊ नये आणि स्वतःला उंदीर ऐकू यावा, दोन्हींसाठी. त्या रात्री हॉस्किंग उंदराच्या जागी होता.

लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयात त्याच्या खाटेशी तुम्ही बसता तेव्हा जखमेत जंतू शिरलेले आहेत. पेनिसिलिनचा शोध लागून नऊ वर्षं झाली, पण औषध म्हणून ते कोणाच्या हातात पडायला अजून काही वर्षं लागतील. डॉक्टर पर्याय सांगतात. डोळा ठेवला तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे, काढला तर एक वाचेल. तो काढायला सांगतो.

या प्रसंगाची पुढे वर्तमानपत्रांनी शौर्यगाथा केली, आणि हॉस्किंगचं नाव घरोघरी गेलं ते त्याच्या फोटोंपेक्षा या जखमेमुळे. १९७०च्या त्याच्या आत्मचरित्राच्या नावातही तो डोळा आहेच. मला त्यातलं शौर्य तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. वाटतं ते हे, की कॅमेऱ्यामागचा माणूस स्वतःला वजा धरतो. कापडामागे आहे म्हणजे नाहीच. चित्रात तो दिसत नाही, म्हणून प्रसंगातही नव्हता असं बघणाऱ्यालाही वाटतं. त्या मादीने ही समजूत एका झेपेत खोडून काढली. तिच्या लेखी तिथे कलावंत नव्हता, लपण नव्हती, पिल्लांच्या झाडावर चढणारं काहीतरी मोठं होतं. हॉस्किंग बरा झाला आणि पुन्हा घुबडांकडेच गेला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं एका डोळ्याने फोटो काढत राहिला. भिंगालाही एकच डोळा असतो हे सांगायला त्याच्याकडे अनेकजण आले असतील, आणि तो हसला असेल.

साल १९४८. युद्ध संपलं आहे, रेशनिंग संपलेलं नाही. आता तुम्ही मचाणाखाली नाही, लपणीच्या आत आहात, आणि आत जागा नाही. बॅटऱ्या, वायरी, लोखंडी पेट्या. डॉ. फिलिप हेन्री या मित्राने हे यंत्र हॉस्किंगसाठी जुळवलं आहे. अमेरिकेत एमआयटीचा हॅरल्ड एजर्टन १९३०च्या दशकापासून ज्या चमकेने उडत्या गोळ्या आणि दुधाचे थेंब गोठवत होता, तीच युक्ती इंग्लंडच्या ओल्या गवतात आणून ठेवलेली. पेटीतले कपॅसिटर हजारो व्होल्टपर्यंत भरतात आणि ती सगळी वीज एका काचेच्या नळीतल्या वायूतून एका दमात सोडतात. हात कोरडे ठेवा. दव पडलं की या पेट्यांचा भरवसा नाही.

चमक टिकते ती सेकंदाचा काही हजारावा भाग. पुन्हा तोच हिशेब करा. ५ मीटरच्या वेगाने येणारं घुबड पाच हजाराव्या भागात एक मिलिमीटर सरकेल. फराटा गेला. पण एक नवीनच अडचण उभी राहिली. इतक्या छोट्या क्षणासाठी बटण दाबायचं कधी? तुम्हाला घुबड दिसणार, ते मेंदूला कळणार, बोट हलणार, झडप उघडणार. तोवर ते चौकटीतून आरपार निघून गेलेलं असणार. शिवाय अंधार आहे, म्हणजे दिसण्यापासूनच बोंब.

त्यावरचा तोडगा तुमच्या समोर आहे. घरट्याच्या वाटेत एका बाजूला लहान दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाशाने वीज देणारी फोटोसेल. दोन्हींमध्ये एक किरण. घुबड त्या किरणातून गेलं की सेलमधली वीज घटते, रिले खटकतो, झडप उघडते, चमक उडते. तुम्ही काही करायचं नाही.

म्हणजे फोटो घुबडानेच काढला. असं म्हणून तुम्ही हसाल, आणि त्या लपणीत बसलेल्या कोणालाही हा विनोद सुचला असणार. पण थांबा, किरण कुठे लावायचा ते आधी ठरवा. तो जर फोकसच्या जागीच लावला तर फोटो हुकेल, कारण रिले आणि झडप यांना स्वतःचा वेळ लागतो. समजा सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर घुबड १० सेंटिमीटर पुढे गेलेलं असेल. म्हणून किरण तेवढा अलीकडे हवा. अलीकडे म्हणजे कोणत्या बाजूला? ते कुठून येतं? रोज तिथूनच येतं का? थेट घरट्यात शिरतं, की आधी खांबावर टेकतं? शिकार चोचीत आणतं की पायात? उतरताना पंख किती उंच उचलतं? वाऱ्याच्या रात्री वाट बदलतं का? यातल्या एकाचंही उत्तर पेटीत नाही. ते फक्त बऱ्याच संध्याकाळी कॅमेरा न लावता नुसतं बसून मिळतं. इथे हॉस्किंगची खरी कारागिरी. शेवटची अर्धी चुटकी त्याने यंत्राला देऊन टाकली आहे, आणि ती देण्याआधीची सगळी कामं स्वतःकडे ठेवली आहेत.

प्रकाशाचंही तसंच. एकच दिवा समोरून मारला तर घुबड कागदातून कापल्यासारखं सपाट दिसेल. बाजूने मारला तर चेहऱ्याच्या थाळीचा काठ उठेल, पण एक पंख काळा पडेल. पंखाच्या प्रत्येक पिसाला कड मिळाली पाहिजे आणि मागच्या अंधाराने अंधारच राहिलं पाहिजे. हे सगळं दुपारी, घुबड झोपलेलं असताना, रिकाम्या हवेकडे बघत ठरवायचं. जिथे अजून काहीच नाही अशा जागेवर दिवे लावून बसणाऱ्या माणसाला कलावंत म्हणायचं नाही तर काय?

त्याच वर्षी सफोकमध्ये हॉस्किंगने या चमकेच्या जोरावर गव्हाणी घुबडाचं जे चित्र घेतलं ते तुम्ही कदाचित पाहिलं असेल. व्होल नावाचा शेतउंदीर घेऊन आलेलं घुबड, दोन्ही पंख सारखे उभारलेले, पांढरा बदामी चेहरा समोर. राजघराण्याच्या ढालीवर रेखलेलं असावं इतकं नेटकं. म्हणूनच त्या चित्राला इंग्रजीत त्या ढालींवरूनच नाव पडलं. ते गव्हाणी घुबड आपल्याच गव्हाणी घुबडाचा जातभाई. जुन्या वाड्याच्या आढ्यावर, देवळाच्या शिखरात, पडक्या गिरणीत फिस्कारणारं. आपल्याकडे ते दिसलं की लोक थुंकतात, दारावर बसलं तर घराची शांती करतात. इंग्लंडातही त्याला भूत म्हणणारे कमी नव्हते. ते चित्र बघताना तुम्हाला बटण कोणी दाबलं हे कळत नाही, आणि कळून काही फरक पडत नाही.

आता घराजवळ या. २५ नोव्हेंबर १९९७, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळचं जंगल, सकाळची वेळ. इथे कोणी मचाण बांधलेलं नाही. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे एका फांदीवरच्या आखूड, जाड पायांच्या लहानशा घुबडाकडे बघून जागच्या जागी खिळले आहेत. तो रानपिंगळा आहे. १८७३मध्ये ह्यूमने त्याचं वर्णन लिहिलं, १८८४मध्ये खानदेशात डेव्हिडसनने शेवटचे नमुने गोळा केले, आणि नंतर ११३ वर्षं तो कोणाला सापडला नाही. मधल्या काळातला १९१४चा एक नमुना गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून दाखवला जात होता. तो रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने जुना चोरीचा नमुना नव्या चिठ्ठीने खपवला होता. रासमुसेनने संग्रहालयात बसून ते उघडं पाडलं, खोटी चिठ्ठी बाजूला केली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांचा माग काढला. आपला लोककलावंत पिंगळा पहाटे कंदील घेऊन दारी येतो आणि पाखराची भाषा कळते म्हणून सांगतो. या बाईंना पाखराच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीची भाषा कळली.

त्यांच्या कॅमेऱ्यातून बघा. कपाळावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पोट पांढरं. हे तीन-चार मुद्दे दिसले की झालं. इथे प्रकाश बाजूने आला काय, मागे फांद्यांचा गुंता आला काय, कोणाला पर्वा नाही. घुबड उडू नये एवढीच प्रार्थना. छायाचित्रकाराचं हे काम साक्षीदाराचं आहे, आणि कलेचा आग्रह धरणारा साक्षीदार जरा संशयास्पदच. उडत्या घुबडाच्या गोष्टीत हे बसलेलं घुबड मी आणलं ते एवढ्यासाठी, की इथेही बटण दाबणं हा सगळ्यात सोपा भाग होता.

पुढची उडी छोटी आहे. ३ जानेवारी २०१६, मॉन्ट्रियल बेटाच्या पश्चिमेकडचा हायवे ४०. तुम्ही कोठेच उभे नाही, कारण कॅमेऱ्यामागे कोणीच उभं नाही. खांबावरचा वाहतुकीचा कॅमेरा, रस्त्यावर किती गाड्या आहेत ते बघायला लावलेला. उत्तर ध्रुवाकडून हिवाळ्यापुरतं खाली आलेलं एक हिमघुबड त्याच्यासमोरून उडत येतं. पांढरे पंख पसरलेले, डोळे सरळ भिंगात, खाली डांबरी रस्ता. क्विबेकच्या वाहतूक मंत्र्यांनी ती चित्रं लोकांसमोर ठेवली आणि ती जगभर फिरली. सत्तर वर्षांपूर्वी हॉस्किंगने जीव टाकला असता असा क्षण, आणि त्यासाठी कोणी बोटही हलवलं नाही.

मला ती चित्रं आवडतात. ती कला आहेत का असा वाद घालणाऱ्यांशी मी घालत नाही. कोणीतरी हजारो निरर्थक चौकटींमधून त्या नेमक्या ओळखल्या, एवढी कला त्यात आहेच. खटकतं ते वेगळंच. त्या कॅमेऱ्याला काही विचारता येत नाही. घुबड घाबरलं का, दमलं का, गाड्यांच्या वाटेत आलं का, याचा जाब द्यायला तिथे माणूस नाही. वेल्समध्ये होता, आणि त्याने तो एका डोळ्याने दिला.

शेवटचा मुक्काम आजचा, त्याच देशात, बर्फाने भरलेल्या शेताच्या कडेला. गळ्यात तुमचा स्वतःचा कॅमेरा आहे, आरसा नसलेला, पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखून त्याला धरून ठेवणारा. सेकंदाला २० किंवा त्याहूनही जास्त चौकटी. मारेच्या तबकडीवरच्या १२ चित्रांसाठी नेपल्सचं ऊन लागत होतं, तुम्हाला ढगाळ दुपार पुरते. बोट जरा उशिरा पडलं तरी हरकत नाही, काही कॅमेरे बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंदही साठवून ठेवतात. दूर कुंपणाच्या खांबावर हिमघुबड बसलं आहे. हे दिवसाढवळ्याही शिकार करतं, त्यामुळे दिव्यांची, किरणांची कटकट नाही.

शेजारच्या गाडीतून एक जण उतरतो. हातात प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं.

"उंदीर टाकणार आहे," तो म्हणतो. "इथून वीस फुटांवर. सरळ आपल्या अंगावर येईल. तुम्हीही घ्या."

डब्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानातले पांढरे उंदीर आहेत. असे फोटो तुम्ही पाहिलेले आहेत. घुबड पूर्ण पंख फाकून भिंगाकडे येतं, नख्या पुढे, आणि नजर भिंगाच्या किंचित खाली, बर्फावरच्या कशावर तरी. नीट बघितलं तर नजरेवरूनच कळतं. चार-सहा दिवस असे उंदीर मिळाले की घुबड माणूस दिसला की जवळ येऊ लागतं, गाडी दिसली की रस्त्याकडे उडतं. आणि रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्यांत उंदीर नसतात.

"नको," तुम्ही म्हणता. "आणि तुम्हीही टाकू नका."

"मग संध्याकाळपर्यंत खांबावरचा गोळा काढत बसा," तो म्हणतो. चिडलेला नाही, त्याला खरंच गंमत वाटते आहे. "उडणार कधी, कुठे, तुम्हाला काय माहीत?"

"कधी ते माहीत नाही. कुठे ते थोडंफार माहीत आहे." तुम्ही हातमोजा काढून ओलं बोट वर धरता. "पक्षी उठतो आणि उतरतो तो वाऱ्याकडे तोंड करून. वारा तिकडून, ओढ्याकडून येतोय. म्हणजे आत्ता उठलं तर आपल्याला त्याची पाठ दिसेल. आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी काढा. पलीकडच्या रस्त्याने वळसा घालून ओढ्याच्या बाजूला जाऊ, वारा पाठीवर घेऊन. लांबच थांबू. आणि डबा डिकीत ठेवा."